पाटी नसलेलं दुकान

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार वगैरे आज राहू दे. फोनच केला असता, पण माझ्या तोंडून काय जाईल त्याचा नेम नाही. तुमच्याशी कधी आवाज चढवून बोलणार नाही, असं मी तुमच्या भावाला कबूल केलं होतं. ते गेले, कबुली राहिली. कागदावर आवाज चढला तर तो कबुलीत धरायचा नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

काल दुपारी मी आत विगाच्या जाळीवर केस गाठवत बसले होते आणि मागचं दार वाजलं. आपलं मागचं दार कसं वाजतं ते तुम्हाला माहीत आहे. दोनदा हलकं टकटक, आणि मग गप्प. उघडेपर्यंत माणूस श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नाही. काल मात्र कुणीतरी पंजानं थापा मारत होतं. उघडलं तर दोन दांडगी पोरं, हातात मोबाइल. त्यातला एक म्हणाला, "टकलांचं दुकान हेच ना? नकाशावर इथंच दाखवतंय."

मग त्यानंच मला तुम्ही इंटरनेटवर टाकलेलं ते पान दाखवलं. मामंजींच्या दुकानाचं नाव, खाली रंगीत अक्षरांत 'केस गेले, आत्मविश्वास का जावा?' हे वाक्य तुम्हाला कुठल्या शांपूच्या बाटलीवर सापडलं? वेळ लिहिलीय दहा ते सात. दुपारी मी पाठ टेकते हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. नकाशावरची ती लाल खूण तर बरोब्बर मागच्या बोळातल्या दारावर टोचलीत. आणि त्याखाली फोटो. विगाआधी आणि विगानंतर.

ते फोटो मी कामासाठी काढते. कुठल्या डोक्याला जाळी कुठे ओढते ते नंतर बघता यावं म्हणून. गेल्या मे महिन्यात तुम्ही राहायला आलात आणि म्हणालात, सुई, तुझा कॉम्प्युटर किती रडतोय, मी साफ करून देते. मी तुम्हाला चहा करून देत होते, आणि तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांची डोकी उचलून नेत होतात.

मामंजींनी पुढे बटणांचं दुकान थाटलं, विगाचं काम मागे ठेवलं, आणि कधी पाटी लावली नाही. ते कशासाठी, हे मी तुम्हाला सांगायचं? सगळ्या जगात तुम्हाला?

पान आजच्या आज काढा.

तुमच्या भावाची बायको


१० फेब्रुवारी

सुई,

कबुलीतून पळवाट काढायची तुझी हातोटी बघून दादांची, तुझ्या मामंजींची, आठवण झाली. त्यांनीच तुला सुई म्हणायला सुरुवात केली, ती केस गाठवतेस म्हणून असं तुला वाटतं. टोचतेस म्हणून, असं ते मला म्हणाले होते.

आता माझं ऐक. माझ्या भावामागे दुकान तू सांभाळलंस हे मान्य. पण काय सांभाळलंस? मी होते त्या आठवड्यात मागच्या दारानं तीन माणसं आली, त्यातला एक पत्ता चुकला होता. पुढे बटणं घ्यायला कोण येतं? हल्ली शर्टाचं बटण तुटलं की लोक शर्ट टाकतात. तुझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून वर चालली आहेत, आणि नवीन मुली इंटरनेटवरून विग मागवतात. प्लास्टिकचे केस, डोक्याला खाज, उन्हात चकाकणारे. विग म्हणजे हेच असतं असं त्यांना वाटतं, कारण तू अस्तित्वात आहेस हे त्यांना माहीतच नाही. कुणालाच माहीत नसलेलं दुकान हे दुकान नसतं, ते कपाट असतं. दोन वर्षांत ते कपाट बंद होईल आणि तू मला मोठ्या मानानं पत्र लिहून कळवशील.

फोटोंचं म्हणशील, तर मी काही दुधखुळी नाही. पाणीपुरवठ्याच्या कंपनीत इतकी वर्षं लोकांचे कागद सांभाळले आहेत. एकूण एक चेहरा मी कापला. सगळे फोटो एकतर पाठमोरे किंवा कपाळापासून वर. नाक नाही, डोळे नाहीत. कोण कोणाला ओळखणार? आणि पानाला पाच तारे मिळाले आहेत, ते तुला त्या पोरांनी दाखवलं नाही वाटतं.

दुकान दादांनी दोघींच्या नावावर ठेवलंय, एकटीच्या नाही. पान राहील.

एक कामाचं. मार्चअखेर मी निवृत्त होतेय. कंपनीचा निरोप समारंभ आहे, फोटो निघतील, भाषणं होतील. माझा नवा विग त्याआधी पोचू दे. सध्याचा भांगाजवळ विरळ झालाय, वाऱ्यात मला दोन हातांनी पदर धरावा लागतो. आणि पांढरा केस एकही घालू नकोस. दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तू दोन-चार घुसवतेस.

वन्सं


२१ फेब्रुवारी

वन्सं,

पाच तारे दोनदा तुम्हीच दिलेत, एकदा तुमच्या ऑफिसातल्या शिपायानं, आणि एकानं 'गाडी लावायला जागा नाही' म्हणून चारच दिले आहेत. आता फोन दिवसभर वाजतो. एकाला दाढी हवी होती. एका बाईला स्वतःचे केस विकायचे होते आणि मी भाव सांगितल्यावर तिनं मला चोर म्हटलं. हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं.

चेहरे कापलेत म्हणे.

माझं एक गिऱ्हाईक आहे, वाचनालयात ग्रंथपाल. तिचं नाव मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. तरुणपणापासून ती माझ्याकडे येते. विगाला वय द्यावं लागतं, हे तुम्हाला कळतं पण पटत नाही. माणूस म्हातारं होत गेलं आणि केस तसेच राहिले तर लोकांना कळायचं ते कळतं. म्हणून मी दरवर्षी तिच्या विगात थोडे पांढरे गाठवते. आणि कपाळाच्या डाव्या बाजूला एक पांढरी बट आहे, रुंद, सरळ मागे गेलेली. तिच्या आईला तशीच होती. तिनं मागून घेतली होती. अख्खं गाव तिला त्या बटेवरून ओळखतं. शाळेतली मुलं तिला 'पांढरी रेघ' म्हणतात आणि तिला ते आवडतं.

तुम्ही तिचं नाक कापलंत, डोळे कापलेत, आणि रेघ ठेवलीत. आणि शेजारी दुसरा फोटो, विगाआधीचा.

चेहरा आमच्याकडे कुणी लपवायला येत नाही, वन्सं. चेहरा घेऊन ती रोज टेबलामागे बसतेच. जे लपवायचं तेवढंच तुम्ही नेमकं दाखवलंत. दुसऱ्या कुणाची ही चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, त्यांना काय माहीत.

एका वाचकानं पुस्तक पुढे केलं आणि त्यावर मोबाइल ठेवला. म्हणाला, बाई, ही अगदी तुमच्यासारखीच दिसते. मागे रांग होती. रांगेतल्यांनी वाकून पाहिलं. तिनं त्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, पुस्तक त्याच्या हातात दिलं, आणि संध्याकाळपर्यंत जागेवरून हलली नाही. हे मला तिथं झाडलोट करणाऱ्या बाईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं दार उघडायला गेले तर मुठीला कागदी पिशवी अडकवलेली. आत विग. नीट विंचरलेला, रेघ वर आलेली. चिठ्ठी नाही. पुढच्या दाराशी ती आजवर कधी आली नव्हती. येणार कशाला, लपायचं तर आता काही उरलंच नव्हतं.

तुमच्या डोक्यावर जे आहे ते माझ्या हातचं आहे. तुमचाही फोटो माझ्या कॉम्प्युटरात होता, विगाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. सगळे उचललेत, तो का नाही लावलात?

समारंभाचा विग मिळणार नाही. केस आहेत, जाळी आहे, हातही चालतो. मन होत नाही.


२७ फेब्रुवारी

सुई,

फोटो पानावरून काढले. तुझं पत्र वाचून संपवायच्या आधी काढले. कुणी कुणी ते आधीच आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले असतील, त्याला माझा इलाज नाही.

त्या बाईंचा पत्ता दे. मी स्वतः येऊन माफी मागते.

पण तू विग देणार नाहीस हे लिहिताना तुझा हात जराही अडला नाही? शिक्षा करायचीच होती तर भांडायचं होतंस, येऊन दोन ठेवून द्यायच्या होत्यास. तू माझ्या डोक्यावर हात घातलास.

तुला दादांचं मोठं कौतुक. मला विचार. मी दहा वर्षांची होते, केस विंचरायला घेतले की कंगवा भरून यायचा, आणि एका महिन्यात काही राहिलं नाही. दादा तोवर नाटकवाल्यांना दाढ्यामिश्या करून द्यायचे. त्यांनी मला विग केला, आणि मग मागची भिंत फोडून बोळात दार काढलं, माझ्यासाठी. सगळे म्हणतात, बापाची केवढी माया. मला त्या दिवशी एवढंच कळलं की मी मागून येण्याजोगी आहे.

लग्नाआधी दादांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे हो म्हणाले, आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. एकदाही नाही. मी रात्री रुमाल बांधून झोपते आणि सकाळी यांच्याआधी उठते. तू पार्सलवर 'कापड' असं लिहितेस. हे पोस्टमनकडून ते घेतात, माझ्या उशीवर ठेवतात आणि पेपर वाचायला बसतात. माझ्या मुलाला वाटतं मला साड्यांचा शौक आहे.

मला वाटलं, माझं जे व्हायचं ते झालं, निदान दुसऱ्या कुणा मुलीला पुढच्या दारानं आत येता यावं. म्हणून पान सुरू केलं. आणि माझा फोटो का नाही लावला म्हणतेस, तर माझी छाती झाली नाही. झालं समाधान?

पत्ता दे.

वन्सं


६ मार्च

वन्सं,

पत्ता देणार नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिनं तुमच्यासमोर आणखी एकदा बसायचं? ती रजेवर आहे. टेबलामागे कुणी दुसराच बसतो, त्याला पुस्तकं सापडत नाहीत.

तुम्हाला पुढचं दार हवं होतं तर आधी तुम्ही जायचं होतंत. दुसरीला ढकलून देऊन ती कशी पडते ते बघायचं नव्हतं.

आणि त्या भिंतीचं. मामंजींनी मला सांगितलं होतं, तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मुलीशी असलं बोलायचं कसं हे त्यांना कळायचं नाही. तुम्ही घराबाहेर पाऊल टाकत नव्हता. तुमची शाळा सुटली होती. विग तयार होता, पण तो घालून बघायला रस्त्यावरून दुकानापर्यंत यायला तुम्ही तयार नव्हता, आणि घरात मोठा आरसा नव्हता. घरून बोळातून कुणाच्या नजरेस न पडता दुकानात येता यावं म्हणून त्यांनी भिंत फोडली. तुम्हाला लपवायला नाही. तुम्ही बाहेर पडावं म्हणून. तुम्हाला त्याचा जो अर्थ लागला तो तुम्ही जन्मभर उराशी धरलात, आणि एकदाही बापाला विचारलं नाही.

बाकीच्यांना ते दार तुमच्यामुळे मिळालं. तेवढंच एक दार असं आहे जिथं त्यांना कुणी बघत नाही. त्यावरच तुम्ही लाल खूण टोचलीत.

पार्सल येणार नाही. पत्र पाठवू नका.


३ एप्रिल

सुई,

पाठवू नका म्हणालीस तरी पाठवतेय. दुकान दोघींच्या नावावर आहे, त्यामुळे पत्रपेटीही दोघींची आहे.

समारंभ झाला. जुना विग घालून गेले होते. सभागृहात शिरण्याआधी आरशासमोर उभी राहिले, वरून दिव्याचा झोत, आणि भांगाजवळची जाळी दिसत होती. तिथंच मला तुझा एवढा राग आला की मी विग काढला आणि पर्समध्ये कोंबला. हे मी शूर आहे म्हणून केलं असं समजू नकोस. तुझ्यावरच्या रागानं केलं. तुझं वाक्य डोक्यात घुमत होतं, आधी तुम्ही जायचं होतंत. जा म्हणतेस ना, घे, गेले.

आत शिरल्यावर माझ्याबरोबर इतकी वर्षं डबा खाणाऱ्या बायका माझ्यासाठी जागा शोधायला लागल्या, जणू मी पाहुणी आले होते. साहेबांचं भाषण मधेच अडखळलं आणि त्यांनी माझ्या कार्यतत्परतेबद्दलचा परिच्छेद दोनदा वाचला. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. फोटो काढणाऱ्यानं हळूच जवळ येऊन विचारलं, मॅडम, असाच काढू? मी म्हटलं, असाच काढ.

हे पहिल्या रांगेत होते. सबंध वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होते. घरी येताना गाडीतही नजर समोर रस्त्यावर. मला वाटलं, संपलं. कुलूप उघडताना, माझ्याकडे पाठ करून, हे म्हणाले, "डोक्याला गार लागत असेल ना रात्री? इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं."

मी दारातच रडले. शेजारची बाहेर आली आणि परत आत गेली.

पानावर आता एकच फोटो आहे. माझा. अख्खा चेहरा, अख्खं डोकं, खाली माझं नाव. शांपूच्या बाटलीवरचं वाक्य काढलं. त्याऐवजी लिहिलंय की विगांचं हे दुकान माझ्या वडिलांनी माझ्यासाठी काढलं, विग माझी भावजय करते, तिच्यासारखं काम दुसरीकडे मिळणार नाही आणि तिच्यासारखी जीभही नाही. वेळ बदलली आहे, दुपारी दुकान बंद. खूण उचलून पुढच्या दारावर ठेवली. मागच्या दाराबद्दल एवढंच लिहिलंय की ज्यांना ते माहीत आहे त्यांना ते माहीत आहे.

दादांना विचारायला हवं होतं. आता ते नाहीत आणि ही गोष्ट मला तू सांगितलीस, याचा मला अजून राग येतो.

वन्सं


२० एप्रिल

वन्सं,

फोटो पाहिला. तुमचं डोकं डाव्या बाजूला जरा चपटं आहे, मामंजींसारखं. बोटांना ते कधीपासून माहीत होतं, डोळ्यांनी आत्ता नीट पाहिलं. आणि माझ्या जिभेबद्दल जगाला सांगायची गरज नव्हती.

गेल्या आठवड्यात पुढच्या दारानं एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मी सवयीनं विचारलं, कोणती बटणं? तिनं तुमचा फोटो पुढे केला. मुलीनं टोपी काढली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पण ती पुढून आली, आणि आत येताना सगळ्या बरण्यांमधली बटणं बघत आली. दर शनिवारी मापाला येणार आहे. त्यानंतर आणखी दोघी आल्या, पुढूनच. म्हणजे कपाट इतक्यात बंद होणार नाही. हे मी कबूल करतेय ते तुम्ही दुसऱ्यांदा वाचून घ्या, मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

परवा मागचं दार वाजलं. दोनदा, हलकं. ग्रंथपाल बाई होत्या, डोक्याला रुमाल. स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचा फोटो पाहिला. धीट आहेत. पण त्यांचा फोटो त्यांनी लावला. माझा लावताना मला कुणी विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, खरं आहे.

"त्यांना सांगा, मी माफ केलेलं नाही."

सांगेन म्हटलं, आणि म्हणून सांगतेय. हे तुम्हाला मिळायला हवं होतं, पत्ता नव्हे.

मी त्यांचा विग आतून आणला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि रेघेवरून बोट फिरवलं. मी विचारलं, आता सगळ्यांना माहीतच आहे, काही वेगळं करून देऊ का? त्या म्हणाल्या, रेघ आईची आहे, ती तशीच राहील. मग त्यांनी तो आरशासमोर घातला आणि मला विचारलं की यंदाचे पांढरे घालायचे राहिले आहेत ना. तिथंच बसवून घातले. सोमवारपासून त्या टेबलामागे असतील. कुणाला काय वाकून बघायचं ते बघू दे, असं त्या म्हणाल्या. जाताना मागच्याच दारानं गेल्या. ते दार आहे तोवर आहे, वन्सं. त्याच्याकडे परत बोट दाखवाल तर मी खरंच येऊन दोन ठेवून देईन.

तुमचा विग आज पाठवलाय. समारंभ होऊन गेला हे मला माहीत आहे. घालायचा की कपाटात ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पांढरे घातलेत, भरपूर, तुमच्या वयाला शोभतील एवढे. तुम्हाला विचारलं नाही. बघा कसं वाटतं.

फोन करू नका, अजून राग आहे.

पार्सलवर या वेळी 'कापड' लिहिलेलं नाही. काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि पोस्टातल्या माणसानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. भावजींनी ते हातात घेतलं की त्यांनाही वाचू द्या.

सुई